प्रॉडक्ट मॅनेजरला इंजिनिअरने काय सांगावे आणि कधी सांगावे

प्रश्न विचारणाऱ्या इंजिनिअरने आपली परिस्थिती अशी मांडली आहे: तीन वर्षांचा अनुभव, सोलापुरात घरूनच काम, कंपनी पुण्याची आणि काम कापड व्यापाऱ्यांच्या बिलिंगच्या व उधारीच्या सॉफ्टवेअरचे. सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचे हे ठरवणारे प्रॉडक्ट मॅनेजर पुण्यात बसतात, मागणी दर आठवड्याला बदलते, तारीख आधी ठरते आणि काम काय आहे ते मागाहून कळते. सध्या ‘उधारीचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घेता यावा’ असे एक टिकिट (कामाची लेखी नोंद) तीन आठवड्यांच्या मुदतीने त्यांच्याकडे आले आहे. वाद न घालता, पण प्रत्येक गोष्टीला मुकाट्याने होकारही न देता, अशा माणसाबरोबर चांगले काम कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी अठरा वर्षे व्यापारी सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि त्यांतली बरीच वर्षे सोलापुरात राहूनच काम केले आहे. या काळात इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्यातले जे तंटे मी जवळून पाहिले, त्यांतले फार थोडे स्वभावातून आले होते. बहुतेकांचे मूळ असे होते की इंजिनिअरला काहीतरी ठाऊक होते, ते त्याने निर्णय होण्यापूर्वी सांगितले नाही, आणि निर्णय पक्का होऊन त्यावर काम सुरू झाल्यावर ते बाहेर आले. म्हणून आपल्याजवळची माहिती निर्णय बदलता येण्यासारखा असतानाच, निर्णय घेणाऱ्याला समजेल अशा शब्दांत त्याच्यापर्यंत पोहोचवणे, हा मला या नात्याचा गाभा वाटतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून ती चूक सविस्तर सांगतो.

वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक झाले, त्यानंतरच्या काही महिन्यांतली ही गोष्ट आहे. आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरबाईंनी एक टिकिट लिहिले: ‘बिल तयार झाल्यावर त्यात दुरुस्ती करण्याची सोय द्यावी.’ मागणी ग्राहकांकडून आली होती, अनेकांनी केली होती, आणि वाचायला अगदी सोपी होती. मी चार दिवसांचा अंदाज दिला आणि कामाला लागलो. वास्तविक ई-इन्व्हॉइसची जोडणी मीच केली होती. सरकारी पोर्टलकडून बिलाला ६४ अक्षरांचा आयआरएन हा नोंदणी क्रमांक मिळाला की त्या बिलात तेथे बदल करता येत नाही, ते फक्त २४ तासांच्या आत रद्द करता येते, रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही आणि मुदत उलटल्यावर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारे वेगळे कागदपत्र) काढण्यासारखे मार्ग घ्यावे लागतात, हे सारे मला पाठ होते. तरीही ते मी बोललो नाही, कारण मला कोणी विचारले नव्हते आणि टिकिटात त्याचा उल्लेख नव्हता. ‘हे सगळे त्यांनी पाहिलेच असेल’ असे मी गृहीत धरले. त्यांनी ते पाहिलेले नव्हते, आणि पाहणे त्यांना शक्यही नव्हते, कारण ती माहिती मी वाचलेल्या तांत्रिक कागदपत्रांत होती. डेमोच्या दिवशी एका सहकाऱ्याने आयआरएन मिळालेले बिल उघडून दुरुस्तीचे बटण दाबले, आणि चार दिवसांचे काम तेथेच बाद झाले.

त्यानंतर आम्ही दोघांनी जे केले ते खरे तर पहिल्या दिवशी करायला हवे होते. त्या पुण्याहून आल्या आणि आम्ही नवी पेठेतल्या एका चादरीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर दुपारपासून रात्रीपर्यंत बसलो. हिशेबनीस दुपारी ऑर्डरप्रमाणे बिल करून ठेवत असे. संध्याकाळी गोदामात गठ्ठे बांधले जात, तेव्हा एखाद्या रंगाचे नग कमी पडत आणि रात्री टेम्पोत प्रत्यक्ष चढलेला माल बिलापेक्षा दोन-तीन गठ्ठ्यांनी वेगळा असे. दुरुस्तीची गरज नेमकी येथून येत होती. कधी केवळ गाडीचा नंबर बदललेला असे आणि तेवढ्यासाठीही तो बिल बदलू पाहत असे, वास्तविक मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर बिलाला हात न लावता बदलता येतो. मग आम्ही दुरुस्तीचे बटण सोडून दिले आणि माल गाडीत चढेपर्यंत बिल पोर्टलकडे जाणारच नाही असा एक टप्पा मध्ये घातला. त्या टप्प्याला ‘कच्चे बिल’ म्हणावे असे मी सुचवले होते, परंतु बाजारात त्या शब्दाचा अर्थ हिशेबाबाहेरचे बिल असा होतो, हे हिशेबनिसानेच आमच्या लक्षात आणून दिले, आणि आम्ही त्याला ‘पॅकिंग यादी’ असे नाव दिले. हे काम तीन दिवसांत झाले. नियम मला माहीत होते, ग्राहकांच्या तक्रारी त्यांना माहीत होत्या, आणि या दोन गोष्टी एका टेबलावर येईपर्यंत योग्य उत्तर कोणाच्याच हाती नव्हते.

या अनुभवानंतर मी एक सवय लावून घेतली. टिकिटात लिहिलेला उपाय वाचला की त्यामागची अडचण विचारायची: हे कोणी मागितले, ते मिळाल्यावर तो माणूस पुढे काय करणार आहे, आणि आज हे नसताना तो काम कसे भागवतो? तिसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्याच्या उत्तरात खरी रीत दिसते, मग ती वहीतली नोंद असो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो असो किंवा मुनिमाने स्वतः बनवलेली एक्सेलची फाइल असो. मात्र हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नयेत. ‘हे का हवे आहे?’ असे लिहिलेले वाचणाऱ्याला नकारासारखे वाटते, आणि ‘यातून व्यापाऱ्याचे कोणते काम सोपे होणार हे मला समजले तर मी अधिक चांगला मार्ग सुचवू शकेन’ असे लिहिले तर तोच प्रश्न मदतीसारखा वाटतो.

समोरच्या माणसाची भूमिकाही नीट समजून घ्यावी. ही भूमिका सॉफ्टवेअरमध्ये जन्मलेली नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीत नील मॅकएलरॉय यांनी १९३१ मध्ये एक टिपण लिहून, एकेका ब्रँडची सगळी जबाबदारी एकेका माणसाकडे असावी, अशी मागणी केली होती, आणि आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचे मूळ साधारणपणे त्या टिपणात मानले जाते. जबाबदारी पूर्ण, पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांच्यावर प्रत्यक्ष अधिकार फारसा नाही, अशी ही जागा आहे. तुमचे प्रॉडक्ट मॅनेजर तुमचे वरिष्ठ नसतात, तरी उत्पादन चालले नाही तर जाब त्यांना द्यावा लागतो, आणि विक्री विभाग, ग्राहक, संचालक व तुम्ही अशा चारही बाजूंनी त्यांच्याकडे अर्धवट माहिती येत असते. मागणी दर आठवड्याला बदलते त्यामागे बहुधा हेच असते. त्या बदलाचा राग येणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्याकडे येणाऱ्या माहितीत तुमचा वाटा किती आणि तो किती लवकर पोहोचतो, हे तुमच्या हातात आहे.

कोणती माहिती आधी द्यायची हे ठरवताना मला मागाचा आधार फार उपयोगी पडला. ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे, हे सोलापुरात वाढलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बीमवर (मागाच्या रुळावर) ताणा एकदा चढला की धाग्यांची संख्या आणि पन्हा ठरून जातो, आणि तो बदलायचा तर बीम उतरवावा लागतो. बाण्याचा रंग मात्र विणकाम चालू असतानाही बदलता येतो. सॉफ्टवेअरमध्येही काही निर्णय ताण्यासारखे आणि काही बाण्यासारखे असतात, आणि कोणता निर्णय कोणत्या जातीचा आहे हे फक्त इंजिनिअरला दिसते. (आपल्या चादरीवरची नक्षी जेकार्ड या मागावरच्या यंत्राच्या छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून उमटते आणि चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली होती, त्यामुळे ही तुलना मला ओढून आणलेली वाटत नाही.) पडद्यावरचा मजकूर, रकान्यांचा क्रम आणि बटणाची जागा हा बाणा आहे. त्यावर मागणी दहा वेळा बदलली तरी कुरकुर करू नये. रक्कम कशी साठवायची, एका ग्राहकाला एकच जीएसटी क्रमांक असेल की अनेक, कोणती नोंद कायमची पुसता येईल, हा ताणा आहे.

जीएसटीच्या दराचेच उदाहरण घ्या. प्रॉडक्ट मॅनेजरच्या दृष्टीने दर म्हणजे एक आकडा. इंजिनिअरने तो एकच आकडा म्हणून साठवला तर दर बदलेपर्यंत काहीही बिघडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची रचना बदलली, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघून मुख्यतः ५ आणि १८ टक्के उरले, तेव्हा अशा साठवणीतला दोष उघडा पडतो, कारण जुन्या बिलावर आज काढलेली क्रेडिट नोट जुन्या दरानेच काढावी लागते. दर नेहमी ‘अमुक तारखेपासून अमुक’ असाच साठवला पाहिजे, हे पहिल्याच चर्चेत सांगणे इंजिनिअरचे कर्तव्य आहे. ते सांगताना डेटाबेसच्या टेबलांविषयी बोलण्याची गरज नाही. ‘आज दोन दिवस अधिक दिले तर दर बदलेल त्या दिवशी व्यापाऱ्यांची बिले चुकणार नाहीत, न दिले तर त्या आठवड्यात आपल्याला बाकी सर्व कामे थांबवावी लागतील,’ एवढे वाक्य पुरते, आणि असे वाक्य ऐकून दोन दिवस नाकारणारे प्रॉडक्ट मॅनेजर मला क्वचितच भेटले आहेत.

जुन्या कोडच्या दुरुस्तीविषयीही हेच लागू होते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अपुऱ्या समजुतीतून लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली, आणि टेक्निकल डेट हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. परंतु ‘आपल्याकडे टेक्निकल डेट फार झाले आहे’ असे म्हटल्याने काहीच हलत नाही, कारण त्या वाक्यात व्याज किती हे नसते. व्याज मोजून दाखवा: बिलाच्या छपाईत कोणताही बदल करायचा तर तो सात ठिकाणी करावा लागतो, गेल्या तीन महिन्यांत असे इतके बदल आले, त्यांत इतके दिवस गेले आणि त्यांतून इतके बग निघाले. हे आकडे तुमच्या टिकिटांतच असतात.

आता तारखेकडे येतो, कारण सर्वाधिक कडवटपणा तेथे असतो. ‘कधी होईल?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ती तारीख कोणत्या जातीची आहे हे विचारावे. कायद्याने ठरलेली तारीख हलत नाही, म्हणून तेथे कामातला कोणता भाग मागे ठेवता येईल यावरच बोलायचे. दिवाळीच्या हंगामापूर्वी व्यापाऱ्यांच्या हाती पडावे अशी तारीखही बरीचशी खरी असते, कारण हंगाम सुरू झाल्यावर कोणीही नवे सॉफ्टवेअर शिकत बसत नाही. पण पुष्कळ तारखा कोणीतरी बैठकीत अंदाजाने उच्चारलेल्या असतात, आणि त्या तशा आहेत हे मोकळेपणाने विचारल्यावर बहुधा मान्य केले जाते. अंदाज देण्याचे काम तुमचे आहे, हेही लक्षात असू द्या. स्क्रम या सॉफ्टवेअर बनवण्याच्या कार्यपद्धतीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत कामाचा आकार ठरवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्या डेव्हलपरांवर ठेवलेली आहे.

अंदाज एका आकड्यात देऊ नये. ‘पाच ते बारा दिवस’ असे सांगावे आणि पाच व बारा यांतला फरक कशामुळे पडतो हे त्याच वाक्यात सांगावे, उदाहरणार्थ, जुन्या बिलांमधला डेटा स्वच्छ असेल तर पाच, नसेल तर बारा. त्याबरोबर ‘मला दीड दिवस द्या, मी डेटा तपासून नेमके काय ते सांगतो’ असा प्रस्ताव ठेवावा. हे केल्यावर प्रॉडक्ट मॅनेजरला निवड करता येते: दीड दिवस खर्चावा, जुनी बिले वगळून नव्या बिलांपुरतेच काम करावे, किंवा बारा दिवस धरून पुढचे बोलावे. मनातल्या मनात दुप्पट दिवस धरून एकच आकडा सांगणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत, आणि काही काळ मीही तसे केले. त्यात स्वतःची सोय होते, पण निवड करण्याची संधी समोरच्याच्या हातून जाते, आणि ही युक्ती एकदा कळली की तुमच्या प्रत्येक आकड्यातून ते निम्मे वजा करू लागतात. उशीर होणार अशी शंका आली की त्याच दिवशी कळवावे. तारखेच्या दहा दिवस आधी कळलेल्या उशिरावर काही उपाय करता येतात, आदल्या संध्याकाळी कळलेल्या उशिरावर ग्राहकाची माफी मागण्याखेरीज काही करता येत नाही.

येथे आपल्या बोलण्याच्या रीतीविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण माझ्याकडे आलेल्या सोलापूरच्या अनेक तरुण मुलामुलींना ही अडचण होती. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेले असते. म्हणून ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘करून टाकू’ असे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. घरात आणि गल्लीत त्यांचा अर्थ सगळ्यांना कळतो. पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये बसलेला प्रॉडक्ट मॅनेजर मात्र ‘होऊन जाईल’ म्हणजे होणारच असे समजून ग्राहकाला शब्द देऊन बसतो. त्यात कॉल इंग्रजीत असला, की मनातली शंका नीट शब्दांत मांडता येईल की नाही या संकोचाने मुले गप्प राहतात, आणि ते मौन होकार म्हणून धरले जाते. यावर मला सापडलेला उपाय लेखी टिपणाचा आहे. कॉल संपल्यावर तासाभरात सहा-सात ओळी लिहून पाठवाव्यात: मला काम असे समजले, यात मला ही एक अडचण दिसते, तिच्यामुळे व्यापाऱ्याला हा त्रास होईल, माझ्या मते हे दोन मार्ग आहेत आणि मी यातला पहिला निवडीन. लिहिताना वेळ मिळतो, भाषा तपासता येते, आणि समोरच्याला पुन्हा वाचता येते. माझ्याबरोबर काम केलेली एक मुलगी कॉलवर वर्षभर क्वचितच बोलली असेल, परंतु तिची टिपणे इतकी नेमकी असत की कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी प्रॉडक्ट मॅनेजर स्वतःहून तिला फोन करून विचारू लागले.

मतभेद उरले तर काय करावे? तुमचे म्हणणे परिणामांसह मांडून झाले असेल, तर काय बनवायचे याचा निर्णय त्यांचा आहे आणि तो मनापासून अंमलात आणावा. अर्ध्या मनाने केलेले काम फसले की निर्णय चुकीचा होता की काम, हे कोणालाच समजत नाही. मात्र हिशेबाची अचूकता, ग्राहकाच्या डेटाची सुरक्षितता आणि कायदा या तीन बाबतींत माघार घेऊ नये. ‘सध्या असेच जाऊ द्या, मागाहून बघू’ असे कोणी म्हटले तर तेथे सौम्य, स्पष्ट आणि लेखी नकार द्यावा. आणि निर्णय कोणताही झाला तरी तारखेसह दोन ओळींत तो कारणासकट टिकिटातच नोंदवून ठेवावा. तुमची मागणी दर आठवड्याला बदलते, तेव्हा या नोंदींचा उपयोग होईल. बदल आला की आधीची नोंद काढून विचारा: त्या दिवशीचे हे कारण आता बदलले आहे का? नवी माहिती आली असेल तर बदल योग्यच आहे. तसे नसेल, तर तो प्रश्न ऐकूनच पुष्कळ बदल मागे घेतले जातात. महिना-दोन महिने असे करूनही काहीच फरक पडला नाही, तर त्या नोंदी घेऊन टीम लीडकडे जावे, आणि तेथे तक्रार न करता प्रत्येक बदलात किती दिवस गेले एवढेच दाखवावे.

आता तुमच्या हातातले टिकिट. उधारीचा अहवाल एक्सेलमध्ये कोण उघडणार आहे, हे पहिल्यांदा विचारा. कापड बाजारात वसुलीला जाणारा माणूस लॅपटॉप घेऊन फिरत नाही. कोणाकडे किती थकले आहे आणि किती दिवसांपासून, हे तो मोबाइलवर किंवा छापील कागदावर पाहतो. मालकाला महिनाअखेरीस सीएकडे पाठवण्यासाठी फाइल हवी असेल तर एक्सेलच योग्य आहे, पण मग ती महिन्यातून एकदा लागेल आणि रात्री तयार करून ठेवली तरी चालेल. या दोन गरजांची कामे अगदी वेगळी आहेत आणि तीन आठवडे कशासाठी धरायचे हे त्यावरच ठरेल. दुसरे, तुमच्याच सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याच्या डेटावर या अहवालाची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा) आज चालवून पाहा. संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात, माल भरणे चालू असताना, ती सर्व्हरला किती वेळ अडवून धरते हे मोजा, कारण ते प्रॉडक्ट मॅनेजरना कळण्याचा दुसरा मार्ग नाही. या दोन गोष्टी सहा-सात ओळींत लिहा आणि स्प्रिंटचे (कामाच्या पुढच्या ठरावीक टप्प्याचे) नियोजन सोमवारी असेल तर टिपण शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांच्याकडे पोहोचू द्या, म्हणजे सोमवारच्या बैठकीत टिकिट बदलायला त्यांच्याजवळ वेळ असेल. शक्य झाले तर त्यांना एक दिवस सोलापूरला बोलवा आणि चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात संध्याकाळी दोन तास दोघेही बसा.